गुडाखूची वेळ

डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?"

मी म्हटलं, "नाही."

"गुटखा? पान? सुपारी?"

"नहीं सर. हमारे यहां तो शादी की सुपारी भी कोई मुंह में नहीं डालता." हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं. शेजारी माझा नवरा सुधाकर बसला होता, त्यानेही मान डोलावली.

डॉक्टर इथलेच, छत्तीसगढच्याच कुठल्याशा गावचे. हातातला कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "और गुड़ाखू?"

"हव, वो तो रोज सुबह करती हूं. पर वो तो मंजन है ना, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग पालथा ठेवलेला कागद सरळ केला आणि बायोप्सीत काय निघालं ते सांगितलं. बायोप्सी म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणं. त्या तुकड्यात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला होता. तोंडाच्या आत जे मऊ अस्तर असतं, त्याचा हा कॅन्सर. माझा डाव्या बाजूच्या खालच्या हिरडीत होता आणि बहुधा जबड्याच्या हाडापर्यंत गेला होता.

मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की मी खोटं बोलले नव्हते. खरंच नव्हते. तंबाखू खातेस का, असं मला झोपेतून उठवून कोणी विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

जे इकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे बायका मशेरी लावतात, तसा इकडे गुडाखू. तंबाखू आणि गूळ मळून केलेला काळा लगदा, छोट्या डबीत मिळतो. बोटावर घ्यायचा, दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं आणि मग चूळ भरायची. किराणा दुकानात साबणाशेजारी ठेवलेला असतो. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. हे मी आधी लिहितेय, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी मोरीच्या कोनाड्यात अशी डबी आत्ताही असेल.

सुरुवात दाताने झाली. डावीकडची खालची दाढ हलायला लागली. मी म्हटलं, पन्नाशी आली, आता दात हलणार, गुडघे बोलणार, चष्म्याचा नंबर वाढणार. वयाच्या नावावर खपवायची माझी जुनी खोड. खरं तर घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई होत्या आणि त्यांचे बहुतेक दात शाबूत होते. त्या अजून चणे फोडून खायच्या. तरी माझी ट्यूब पेटली नाही.

समता कॉलनीतल्या दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. त्यांनीही तंबाखूचं विचारलं होतं, आणि त्यांनाही मी तेच तोऱ्यातलं उत्तर दिलं होतं. दाढेची जागा काही भरून येईना. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मग हनुवटीची डावी बाजू बधिर झाली. मी नवा रायपूरला मंत्रालयात कारकून आहे. स्टाफ बसच्या खिडकीतून वारा लागतो म्हणून होत असेल, असं मी ठरवून टाकलं. दोनदा गोळ्या बदलल्यावर त्या डॉक्टरांनीच मला मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

आता गुडाखूच्या वेळेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरीला लागून एक पायरी. मी वर्ध्याकडून लग्न होऊन आले, तेव्हा सासरे होते, दोन दीर होते, आणि बायकांनी बोलायची जागा कुठेच नव्हती. पहिल्याच वर्षी माझा दात ठणकायला लागला. सासूबाईंनी, म्हणजे मी ज्यांना आई म्हणते त्यांनी, मला मागच्या पायरीवर बसवलं आणि आपल्या बोटाने माझ्या हिरडीवर गुडाखू लावला. म्हणाल्या, "दोन दिस झोंबन, मंग बरं वाटन." बरं वाटलं. त्यांच्या माहेरी मशेरी होती, इथे आल्यावर शेजारणींनी त्यांना हा शिकवला. तसा त्यांनी मला.

तेव्हापासून रोज सकाळी पायरीवर दोन गोणपाट पडायचे, एक त्यांचा, एक माझा. बायका गुडाखू करत असल्या की पुरुष त्या बाजूला फिरकत नाहीत. तेवढाच वेळ आमचा. तोंड अर्धं भरलेलं, त्यामुळे बोलणं थोडं आणि खरं. श्रुती पोटात असताना मला मुलगी हवी आहे, हे मी फक्त तिथे बोलले. आपल्याला मी सुरुवातीला अजिबात आवडले नव्हते, हे त्यांनी मला तिथेच सांगितलं. वर म्हणाल्या, "लयच टकाटका पायत होती तू." त्यांचं पहिलं मूल तीन महिन्यांचं होऊन गेलं होतं. त्याचं नाव सुधाकरलाही ठाऊक नाही, मला आहे.

सासरे गेले, दीर वेगळे झाले, छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, ऑफिस गावाबाहेर दूर गेलं. बस पकडायची म्हणून मी लवकर उठायला लागले, तर आई माझ्याही आधी उठून गोणपाट टाकून ठेवायच्या. सून, मग आई, मग पिकलेल्या केसांची बाई, असे माझे सगळे टप्पे त्या पायरीवर बसून झाले. घडत असताना ते दिसत नव्हते. ज्या वेळेला मी माझ्या दिवसातली सगळ्यात चांगली वेळ समजत होते, तीच मला आतून खात होती. हे अजूनही मला नीट पचलेलं नाही.

त्या दिवशी रुग्णालयातून घरी आलो. सुधाकर तडक मागे गेला आणि दोन्ही डब्या नालीत फेकून आला. मग आईंसमोर उभा राहिला.

"तूच लावली ना तिले सवय?"

आई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"दात दुखत होता तिचा," एवढंच त्या म्हणाल्या.

"आता जबडा कापून राहिले तिचा. तुले तर काही नाही झालं."

श्रुती कॉलेजातून नुकतीच आली होती. ती म्हणाली, "पापा, दादी को क्यों सुना रहे हो? उनको क्या पता था?" आमच्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच येते. सुधाकरने तिलाही गप्प केलं. मी काही बोलले नाही. मला त्या क्षणी माझ्याच जबड्याची पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर गोणपाट नव्हते. सुधाकरने ते स्कूटरवर झाकायला घेतले होते.

मग तपासण्या. सीटी स्कॅन, म्हणजे यंत्रातून हाडाचे आडवे काप केल्यासारखे फोटो. मानेच्या गाठीची एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून बघणं. तपासणीपेक्षा बाकावर बसणंच जास्त. कोणी नको म्हटलं तरी आई बरोबर यायच्या. सुधाकर त्यांच्याशी बोलत नव्हता, त्याही त्याच्याशी नाही. दोघं माझ्या दोन बाजूंना बसायचे आणि मला एकाच पिशवीत दोन मांजरं घेऊन बसल्यासारखं वाटायचं.

एकदा एक माणूस फाईल पुढे करून सरळ आत घुसायला लागला. आईंनी बसल्या जागेवरून त्याची बाही धरली. "ओ भैया, लाइन से आव. हमारी पोट्टी कब से बैठी है." तो म्हणाला, अम्मा, दो मिनट का काम है. आई म्हणाल्या, "हमारा बी दो मिनट का है. बीच में मत घुसो." सगळा बाक हसला. मीही हसले. पूर्ण तोंडाने हसले ती बहुधा शेवटची वेळ.

ऑपरेशनचं नाव कॉम्पोझिट रिसेक्शन. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डावीकडचा अर्धा खालचा जबडा, हिरडी, गालाची आतली बाजू आणि मानेतल्या गाठी काढायच्या, आणि त्या खड्ड्यात छातीचा स्नायू कातडीसकट वळवून भरायचा. याला फ्लॅप म्हणतात. ते म्हणाले, "चेहरा बदलेगा, आवाज़ बदलेगी. हम जान के लिए कर रहे हैं." डॉक्टर गोड बोलले नाहीत, याचं मला बरं वाटलं. गोड बोलले असते तर मी पळाले असते.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला भोक होतं. ट्रेकिओस्टॉमी. तोंड सुजलेलं असतं म्हणून श्वासासाठी गळ्यातून नळी घालतात आणि सूज उतरली की काढतात. ती असेपर्यंत आवाज निघत नाही. नाकातून दुसरी नळी पोटात गेली होती, राइल्स ट्यूब. तिच्यातून मोठ्या सिरिंजने दूध, डाळीचं पाणी, गाळलेली पेज. हे मला आधी सांगितलेलं होतं. सांगितलेलं असणं आणि होणं यात मात्र फार अंतर आहे. कोणाला हे करून घ्यायचं असेल तर माझा सल्ला, आधीच घरच्यांशी तीन-चार खुणा ठरवून ठेवा. तहान, दुखतंय, कूस बदला, आणि रडू नका.

वॉर्डात आणल्यावर आई भेटायला आल्या. कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मी तोपर्यंत आरसा पाहिला नव्हता. त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला माझं तोंड कळलं. त्या जवळ आल्या नाहीत. पदर तोंडावर धरून बाहेर गेल्या आणि परत आल्या नाहीत.

दोन दिवसांनी सुधाकर म्हणाला, "आई पुलगावले जातो म्हणते. पुतण्याकडे. राहू दे तिकडेच काही दिवस." त्याच्या आवाजात सुटका होती. तो वाईट माणूस नाही. रात्ररात्र माझ्या उशाशी बसला, नळ्या साफ करायला शिकला. पण त्याला कोणावर तरी चिडायला हवं होतं. कॅन्सरवर चिडता येत नाही, आईवर येतं.

आणि आई गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या, हे मला स्वच्छ दिसत होतं. ज्या पुतण्याने इतक्या वर्षांत यांना सणालाही बोलावलं नाही, त्याच्या पडवीत त्या दोष घेऊन बसल्या असत्या आणि तशाच संपल्या असत्या. आणि इथे मी उरले असते, बोलायची माझी एकमेव जागा गमावून.

बोलण्यासाठी मला पाटी दिली होती. मी लिहिलं, 'आईंचा दोष नाही. जाऊ देऊ नका.' सुधाकरने वाचलं, तळहाताने पुसलं आणि म्हणाला, "तू आधी बरी हो." आईंना दाखवावं तर त्यांना अक्षर येत नाही. श्रुती वाचून सांगेल म्हटलं, तर श्रुती म्हणाली, "मैंने बोला मम्मी, कितनी बार बोला. दादी सुनती ही नहीं. कहती हैं, वो खुद बोले तब मानूंगी."

खुद्द मी बोलेन तेव्हा. आणि माझी जीभ लाकडासारखी पडलेली.

गळ्याची नळी निघाली, भोकावर पट्टी लागली आणि नाकातली नळी तशीच ठेवून मला घरी सोडलं. घरी पाऊल टाकलं तर पुढच्या दाराशी आईंची कापडी पिशवी भरून ठेवलेली. वर स्वेटर. त्या माझ्या घरी येण्यापुरत्याच थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. मी त्यांच्याकडे बघून काही म्हणायला गेले, तर घशातून घर्र आवाज निघाला आणि लाळ गळाली. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. भिंत धरत बाहेर आले. स्कूटरवरचे गोणपाट ओढून काढले. एरवी त्यांना काय वजन असतं, पण मानेचा स्नायू कापलेला असला की हात वर जात नाही. दोनदा हातातून पडले. मागच्या पायरीवर अंथरले, नेहमीच्या जागी, एक त्यांचा, एक माझा. दोन तांब्यांत पाणी भरून ठेवलं. मग माझ्या जागेवर बसले. बोटावर लावायला काही नव्हतं, आणि तोंडात लावायला जागाही नव्हती.

आई आल्या. प्रवासाचं लुगडं नेसलेल्या. दारातच थबकल्या.

"काय करून राहिली वं? थंडी लागन तुले."

मी शेजारच्या गोणपाटावर हात आपटला.

"गाडी आहे माही."

मी पुन्हा हात आपटला. मग आणखी एकदा, लहान मूल आपटतं तसा. शेवटी गुडघ्यावर हात टेकून बसल्या. आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांचं बोट सवयीने तोंडाकडे गेलं, अर्ध्या वाटेत थांबलं आणि त्यांनी ते पदरात पुसलं. तिथे मला रडू फुटलं. अश्रू, लाळ, सगळं एकत्र. माझ्या हनुवटीला काही कळत नाही, काय कुठे वाहतंय तेही नाही. आईंनी ते पदराने पुसलं. आधी हलक्या हाताने, मग श्रुतीचं नाक पुसायच्या तसं खसाखसा.

मी जीभ उचलली. दोन-तीनदा प्रयत्न केला. "आई," म्हटलं. ते शब्दासारखं वाजलं की नाही, देव जाणे. पण त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"हव वं," त्या म्हणाल्या. "आयकलं म्या." मग घराच्या दिशेने मोठ्याने म्हणाल्या, "सुधाकर, ते पिशवी आतमंदी ठेव."

सुधाकर दारात आला. आम्हाला दोघींना बघितलं. जिथे तो कधी येत नसे तिथे क्षणभर उभा राहिला, मग पिशवी उचलून आत घेऊन गेला.

इथे संपवलं असतं तर बरं वाटलं असतं. पण आजार अशा ठिकाणी संपत नाही.

पुढे रेडिएशन झालं. किरणांनी उरलेल्या पेशी जाळणं. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून टेबलाला आवळतात, हलता येत नाही. काही आठवड्यांत तोंड आतून सोलून निघालं, पाणीही तिखट लागायचं. मग ट्रिस्मस, म्हणजे जबडा आखडणं. त्यावर उपाय म्हणून दातांच्या फटीत आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक सरकवायच्या आणि हळूहळू वाढवायच्या. श्रुती काड्या आणायची. तो व्यायाम मी सकाळी पायरीवर करायचे. आईंनी त्याच सुमारास गुडाखू सोडला होता, कोणालाही न सांगता. पोट साफ होईना, डोकं धरायचं, सगळ्यांना शिव्या घालायच्या. ऐंशी पार केल्यावर सवय सोडणं काय असतं, ते मी शेजारून पाहिलं. मी काड्या सरकवत असे आणि त्या दात घासायच्या ब्रशला शिव्या देत असत.

मी डॉक्टरांना आईंचं तोंड बघायला लावलं. बॅटरी मारून नीट बघितलं त्यांनी. दात काळे, बाकी काही नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, "मले काहून नाही झालं?" ज्याने लावलं त्याला नाही, ज्याला लावलं त्याला झालं. रोग न्याय करायला येत नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. दाढ काढल्यावर जागा भरून येत नसेल तर वयावर ढकलू नका. महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन स्वतःचं तोंड आतून बघा. आणि डॉक्टर तंबाखू विचारतील तेव्हा मंजन, मशेरी, गुडाखू, जे काही बोटावर घेता ते सगळं सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

गेल्या तपासणीत मानेच्या उजव्या बाजूला गाठ लागली. पुन्हा सुई, पुन्हा बाक, पुन्हा पालथा ठेवलेला कागद. डॉक्टर म्हणाले, "लौट आया है. दवा देंगे, पर अब जड़ से निकालने की बात नहीं करूंगा." मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले. त्यांनी मला मधला सगळा वेळ दिला होता, आणि त्या वेळात मी पुष्कळ काही बघितलं. श्रुती भात मऊ करताना जीभ दातांत धरते. सुधाकर आपल्या आईच्या चहात तिने न सांगता आलं घालतो. या गोष्टी आधीही होत असणार. मला बस पकडायची घाई असायची म्हणून दिसल्या नाहीत.

सुधाकर आणि श्रुतीला तिथेच कळलं. आईंना मी दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर सांगितलं. माझं बोलणं आता घरच्यांनाच समजतं, आईंना सगळ्यात जास्त. त्यांनी ऐकून घेतलं. तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली, तोंड पुसलं, पुन्हा भिंतीकडे बघत बसल्या. मला वाटलं, त्यांना नीट कळलंच नाही. पुन्हा सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझी बाही धरली.

"लाईन माही आहे," त्या म्हणाल्या. "मधात घुसू नोको."

मी म्हटलं, "हव."

त्यांनी बाही सोडली नाही.